नांदेडला जाताना तीनदा ऑइल बघितलं

तेलाची पारख आमच्या रक्तातच आहे, असा माझा समज होता. लातूरला वडिलांचा करडीच्या तेलाचा घाणा होता. ते तळहातावर थेंब घेऊन उजेडात धरत आणि ताजं की शिळं ते एका नजरेत सांगत. मीही तसाच थेंब धरायचो, आणि ते काय म्हणतात ते ऐकून मग मान हलवायचो. एवढ्या तयारीवर मी पुढं सेकंडहँड डिझेल गाडी घेतली.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्या उभ्या राहत होत्या, रस्ते उखडले होते, आणि पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहून गेल्यासारखा दोन वर्षं फिरकला नव्हता. त्यात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिचा विश्वास नांदेडच्या एकाच डॉक्टरवर. त्यांच्या दवाखान्यात पाणी टँकरचं, म्हणून ऑपरेशनं आठवड्यातून एकच दिवस. "बाराच्या आत आणा," असं त्यांनी बजावलं होतं. आई वर्षभर टाळत टाळत एकदाची 'हाव' म्हणाली होती. ही वेळ चुकली तर ती पुन्हा तयार होणार नाही, हे मला आणि बायकोला पक्कं ठाऊक होतं.

आदल्या दिवशी मी मिस्त्रीकडून ऑइल बदलून घेतलं. सकाळी निघण्याआधी ऑइल बघायची सळई ओढली, तर काळंकुट्ट! तसाच मिस्त्रीच्या दारात गेलो.

"एका रात्रीत काळं? जुनंच घातलं का?"

तो दात घासत बाहेर आला. "शेठ, डिझेल गाडीचं ऑइल काळंच पडतंय. हे काय करडीचं तेल हाय? रंग नका बघू. किलोमीटर बघा, आन् बोटाला कचकच लागली तर बदला. सध्या धूळ लई हाय, जरा लवकर बदला. पण कालचं आज न्हाई!"

"तेलातलं मला नका शिकवू," मी म्हणालो, आणि त्याच्याच दुकानातून ऑइलचा एक डबा ऐटीत विकत घेतला.

आई पूजा उरकून, कपाळाला विभूती लावून मागं बसली. मांडीवर पाण्याचा तांब्या. बायको तिच्या शेजारी. चाकूरला मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि लगेच सळई ओढली. ऑइल खुणेच्या खाली. थोडं ओतलं. अहमदपूरला पुन्हा तेच. पुन्हा ओतलं.

"अहो, गाडीची नाडी बघून झाली असंल तर आईंना नेऊ का?" बायको म्हणाली.

अहमदपूर सोडल्यावर मागून निळा धूर निघायला लागला. साडेनऊ झाले होते. लिंबाखाली गाडी लावून मी तिच्याभोवती फेऱ्या मारू लागलो. पुढं जावं तर इंजिन बसेल, मागं फिरावं तर ऑपरेशनची वेळ हातची जाईल. मिस्त्रीला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, ते सांगत नाही.

"काय झालं रे?" आईनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"गाडी बंद केल्यावर किती वेळानं बघितलंस?"

"लगेच."

"तुझा बाप घाण्यावरनं डबा उतरवला की लगेच मापायचा का? कडंला चिकटलेलं खाली येऊ द्यायचा की. बस जरा गुमान."

दहा मिनिटं कसाबसा बसलो. मग सळई ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर! चाकूरलाही ते पुरेसंच असणार. मी ओतून ओतून गाडीचा गळा भरला होता.

पाना घेऊन गाडीखाली शिरलो, खालचा बोल्ट सैल करून जादाचं ऑइल सोडलं आणि बोल्ट पुन्हा आवळला. त्यातलं निम्मं डब्यात आलं, निम्मं माझ्या पांढऱ्या शर्टावर. आईनं एक थेंब मागून घेतला आणि चिमटीत चोळला.

"गुळगुळीत हाय. कचकच न्हाई."

"पण काळं आहे ना!"

"मला कुठं दिसतंय?" आई म्हणाली. "चल."

दवाखान्यात पोचायला साडेबारा वाजले. मी धावत आत गेलो आणि काही विचारायच्या आधीच माफी मागू लागलो. कंपाउंडर वैतागून दाराबाहेर बघत होता. टँकरच अजून आला नव्हता. त्या दुष्काळात उशिरा आलेल्या टँकरवर खूश झालेला माणूस मी एकटाच असेन.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आईच्या डोळ्यावरची पट्टी काढली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. अंगात तोच शर्ट, कारण दुसरा आणला नव्हता आणि धुवायला तिथं कोण पाणी देणार?

"बोटं किती?" डॉक्टरांनी हात वर केला.

आई त्यांच्या हाताच्या पलीकडं, माझ्याकडं बघत राहिली. धूसर का होईना, बघत होती.

"दोन हायेत," ती म्हणाली. "आन् लेकरा, मिस्त्री खरं बोलला बघ. लईच काळं हाय."