हवा टाइट

मी मास्तर आहे आणि अठरा वर्षांत एकाही पोरावर हात उचललेला नाही. हे मी चारचौघांत मिरवायचो. आमचे वडील मारायचे. आईला मारायचे, मला मारायचे, अडला तर बैलाला. ओठ सुजलेली आई शेजारणीला सांगायची, "पडले गं उंबऱ्यात." आमच्या उंबऱ्यात ती इतक्या वेळा पडली, की तो उंबरा गावानं कधीच उखडून टाकायला हवा होता. बारा वर्षांचा असताना मी शपथ घेतली, की आपला हात कुणावर उठणार नाही.

पण राग वडिलांचाच आहे. तो शपथेला विचारत नाही. तो मी उतारावर काढतो.

आष्टीच्या पुढं डोंगराच्या अंगावर एका बागायतदाराच्या पोरानं जेसीबी लावून माळातून वळणावळणाच्या वाटा खोदल्या आणि खाली पाटी लावली, 'बाईक पार्क'. पहिल्या आठवड्यात एक वऱ्हाड मोटारसायकली लावायला येऊन गेलं. खरं तर तिथं पिकअपमध्ये घालून सायकली वर न्यायच्या आणि जीव मुठीत धरून खाली यायचं. रविवारी तो पिकअप चालवतो माझा शाळेपासूनचा मित्र. एरवी फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. गाढवासारखा कष्टाळू आणि माझ्यापेक्षा कितीतरी शांत.

माझी सायकल जुनी, दुसऱ्याच्या हातची. शहरातून येणाऱ्यांच्या सायकलींचा शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारा हवेचा दांडा, वीतभर दबतो, माझा जेमतेम मूठभर. चढाला ती हरणासारखी पळते, पण त्या उताराला लागतो तो वीतभर. त्या रविवारी शहरातला एक जण माझ्या शॉकअपला बोट लावून हसला. म्हणाला, "सर, यावर वरून येणार? हवा टाइट होईल."

माझं डोकं सणकलं. सायकल पिकअपमध्ये टाकली आणि मित्राला घेऊन थेट त्याच्या दुकानात गेलो.

"मार हवा. चाकांत बी अन् शॉकअपात बी. टाइट."

"कावून बे? लई टाइट मारली तर उडवील तुला."

"मार म्हनलं ना!"

आमच्याकडे ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉलीत हवा अशीच मारतात. ओझं जास्त तर हवा जास्त. दोघांच्याही डोक्यात ते लहानपणापासून बसलेलं. त्यानं कॉम्प्रेसरची नळी लावली आणि शॉकअपचा दगड करून दिला.

वरून सुटलो. पहिल्याच खडकावर हँडलनं तळव्यांत सणसणीत छडी मारली. दुसऱ्या खडकावर दात दातांवर आपटले आणि तोंडात रक्ताची चव आली. मूठभर का होईना, शॉकअप दबायचा. आता तोही दबेना. प्रत्येक दगड सरळ मनगटात, मनगटातून खांद्यात, खांद्यातून मानेत. वळणाच्या मातीच्या भिंतीवर चाक टप्पा खाऊन उडालं, बाभळीची फांदी कानाखाली फाडत गेली. ब्रेक सोडायला हवा होता की धरायला, हे कळण्याइतकी शुद्ध नव्हती. आणि खरं सांगतो, मला आवडत होतं. मी ओरडत होतो, शिव्या देत होतो, वडिलांच्या शिव्या, जशाच्या तशा. हाण, म्हणत होतो. अजून हाण.

शेवटच्या उडीला पुढचं चाक जमिनीला लागलं आणि चेंडूसारखं वर आलं. मी हँडलवरून पुढं गेलो. डावा खांदा खडकावर आपटला आणि आत काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडलं. सायकल पाठीत येऊन बसली.

मित्र खालून पळत आला. सायकल बाजूला फेकली, काखेत हात घालून मला उठवलं आणि काळजीनंच म्हणाला, "म्हनलं होतं ना बे, टाइट मारू नगं."

मी उजव्या हातानं त्याच्या तोंडात मारली. पूर्ण ताकदीनं. तो खाली बसला, तर मी वाकून आणखी एक मारली. ओठ फुटला. "तूच मारलीस हवा! तू मारलंस मला!" असं मी ओरडलो. शहरातला तो माणूस हेल्मेट हातात धरून बघत उभा होता.

मित्रानं शर्टाच्या बाहीला ओठ पुसला. मग उठला आणि पिकअपचं दार उघडून म्हणाला, "बस."

दवाखाना लांब होता. रस्ता कसा आहे ते आमच्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. पण तो प्रत्येक खड्ड्याआधी गाडी जवळजवळ थांबवत होता, गतिरोधकावरून एकेक चाक हळूच उतरवत होता, माझं हाड हलू नये म्हणून. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मला माफी मागायची होती आणि जीभ उचलत नव्हती. वडिलांचीही कधी उचलली नाही.

दवाखान्यात सिस्टरनं माझं गळ्याजवळचं हासळीचं हाड चाचपलं, कागदावर लिहिलं आणि मग तिची नजर मित्राच्या ओठाकडं गेली.

"तुमाला काय झालं? तुमी बी पडलात का?"

"हां," तो म्हणाला. "मी बी पडलो."

त्यानं ते आईच्याच आवाजात सांगितलं. तसंच खाली बघून, तसंच चटकन, विषय संपवायला. इतक्या वर्षांचा उंबरा त्या दवाखान्यात माझ्यासमोर होता आणि या वेळी मारणाऱ्याच्या बाजूला मी होतो.

"तो पडला न्हाई, सिस्टर," मी म्हणालो. "मी मारलं त्याला. काही कारण नसताना."

सिस्टरचं पेन थांबलं.

"गप बे," मित्र म्हणाला. "लिवू नका बाई. मार लागलाय, कायबी बरळतोय."

"लिहा," मी म्हणालो.

तिनं काही लिहिलं नाही. तिनं कापूस घेतला आणि आधी त्याचा ओठ पुसला. मला म्हणाली, थांबा.

मी थांबलो. शाळेत आता कुणी विचारलं, तर अठरा वर्षांचं सांगत नाही.