पहिल्या आवृत्तीतली बेरीज

शिरूर-दौंड एसटीत न्हावऱ्याला एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. खताच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी मांडीवर घेतलं, बोटं धोतराला पुसली आणि मगच ते उघडलं. मी डोकावलो आणि चाटच पडलो. संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या एका इंग्रजाचं ते पुस्तक होतं, शंभरएक वर्षांपूर्वीची पहिली आवृत्ती. मी कॉलेजात हाच विषय शिकवतो, पण ही आवृत्ती कधी पाहिली नव्हती.

"आप्पा, हे तुमच्याकडे कसं?"

"ह्या माणसाची चार हायती माझ्याकडं. रद्दीवाल्यांकडं हिंडून गोळा केली. पहिल्या छपाईचीच घेतो."

"किंमत जास्त येत असेल," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि एका तक्त्यावर बोट ठेवलं. "ही बेरीज करा." मी तिकिटामागे आकडे मांडले. पुस्तकातली बेरीज चुकली होती.

"दुसऱ्या छपाईत त्यानं लिवलंय, माझी चूक झाली म्हणून. नातीनं वाचून दाखवलं. मी तीस वर्सं डेअरीवर दुधाची फॅट काढली. पाणी सापडायचं, पर कवा कुणी कबूल केलं न्हाई. ह्यानं छापून केलं. मंग ती चूक जपाया नको?"

दौंडला ते उतरून गेले.

दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगतो, नवी आवृत्ती घ्या, जुन्या आवृत्तीत चुका आहेत. यंदा ते वाक्य ओठांवर आलं आणि मी थांबलो. पाकिटातलं ते तिकीट काढून मी तो तक्ता फळ्यावर मांडला, चुकलेल्या बेरजेसकट.