पाइनला बांधलेले दोर

शेजारचे आजोबा जपानातल्या बर्फाळ कानाझावा शहरातले. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये पानं गळायला लागली की ते माझ्या पाइनपुढे मान वाकडी करून उभे राहतात. त्याची एक फांदी त्यांच्या ड्राइव्हवेवर झुकली आहे.

“कापणार, बघ,” मी नवऱ्याला म्हटलं.

“अगं, नुसते बघतायत,” तो म्हणाला.

शनिवारी ते शिडी घेऊन आलेच. मी धावले. “डोन्ट टच माय ट्री!”

त्यांनी दोर दाखवला. “स्नो हेवी. माय टाउन, एव्हरीबडी टाय.” मग बुंध्यालगत उंच बांबू उभारून त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोर बांधला.

पहिल्याच बर्फात गल्लीतल्या कितीतरी फांद्या मोडल्या, माझ्या झाडाची एकही नाही. मी चिवडा नेऊन दिला.

मार्चमध्ये ते दोर सोडायला आले, तेव्हा हातात करवत नाही ना, हे मी आधी पाहिलं.