जॉर्जरावांचा पत्ता

माणूस भेटला की पाच मिनिटांत त्याचं गाव, लेकरंबाळं आणि बायकोचं माहेर तात्यांना कळायचंच. सुप्याच्या बाजाररस्त्यावर त्यांचं इंजिनदुरुस्तीचं दुकान, आम्ही त्यांचे शेजारी, घर त्याला लागूनच. पंप बंद पडला म्हणून तणतणत आलेला माणूस जाताना गुळाचा खडा चघळत जायचा. "पत्ता इचारल्याबिगर माणूस वळखीचा हुतो व्हय?" असं म्हणत ते चांगली उलटतपासणी घ्यायचे. कुणाला त्याचा राग आल्याचं मी पाहिलं नाही.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांना फोनवर जगभरच्या इंजिनवेड्यांचा एक ग्रुप सापडला. मी बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. रविवारी सुप्याला आले की तात्या सांगायचे आणि मी टाइप करायचे. व्हिडिओतला नुसता आवाज ऐकून ते परदेशातल्या इंजिनाचं दुखणं ओळखायचे. गोऱ्यांचं तर भारी कौतुक! "गोरा माणूस शब्दाला पक्का. आपल्यावानी आज या, उद्या या न्हाय." त्यांनी आयुष्यात एक गोरा पाहिला नव्हता, हे मी बोलून दाखवलं की हसून पान्हा उचलायचे.

एकदा कॅनडातल्या जॉर्ज नावाच्या म्हाताऱ्यानं लिहिलं, की वडिलांचं इंजिन इंधन फवारणाऱ्या एका नोझलवाचून अडलंय आणि बायकोच्या आजारपणात तेवढाच विरंगुळा होता. तसलं नोझल तात्यांच्या डब्यात पडलेलं. "लिही पोरी. पत्ता द्या, फोन नंबर द्या, पाठवतो. पैसं नकोत. वहिनींची तब्येत कशी हाय, घरात अजून कोन असतं, त्येबी इचार." मी शब्द न् शब्द लिहिला. इंग्रजी शिकवते मी, आणि मला त्यात काहीच खटकलं नाही!

पुढच्या रविवारी तात्या दुकानाच्या पायरीवरच बसले होते. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "मराठीचं बटन दाबलं म्या. पन मशीन चुकत असंल. तू नीट वाच."

मी वाचलं. 'भारतातून फोन नंबर मागतोय, म्हणजे ठग.' 'आजाऱ्यांची घरं हेरतात, यांचा धंदाच आहे.' खाली हसऱ्या तोंडांची रांग. ज्यांची इंजिनं तात्यांनी सुरू करून दिली होती, तेही त्यात होते. आणि शेवटी जॉर्ज: 'सावध केल्याबद्दल सर्वांचे आभार.' मशीन कुठेही चुकलं नव्हतं.

"चोर म्हनत्यात मला?" तात्यांनी विचारलं. चाळीस वर्षं कऱ्हाटीपासून पिंपळीपर्यंत लोकांच्या विहिरींवर ते काम करत होते, कुणाचा साधा खिळा खिशात घातला नव्हता. "तू लिही की. वळखतीस म्हनून सांग."

"लिहिते," मी म्हणाले.

मीही त्या ग्रुपात होते. संध्याकाळी बारामतीला येऊन चार ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. मी पण भारतातलीच, मलाही ठगांच्या टोळीतली ठरवतील, अशी भीती वाटली. कोण कुठली माणसं, त्यांना मी घाबरले! पुढच्या खेपेला तात्यांनी विचारलं तेव्हा मी धडधडीत खोटं बोलले. त्यांच्या फोनवरून तो ग्रुप गुपचूप पुसला आणि म्हटलं, "ग्रुपनं आपल्याला काढून टाकलंय." ते नुसतं "बरं" म्हणाले. तेवढ्यात एक अनोळखी शेतकरी पंप घेऊन आला. तात्यांनी तो दुरुस्त केला, गूळ दिला आणि त्याला जाऊ दिलं. गाव विचारलंच नाही. त्यानंतर कुणालाच विचारलं नाही.

मागच्या महिन्यात तात्या गेले. दुकान आवरताना फळीवर पुठ्ठ्याचा एक खोका सापडला. आत ग्रीस लावून कागदात गुंडाळलेलं नोझल आणि पिशवीत बांधलेला गुळाचा खडा. झाकणावर तात्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'श्री. जॉर्जराव, कॅनडा.' त्याखाली पत्त्यासाठी पट्टीनं चार ओळी आखून मोकळ्या ठेवल्या होत्या.