मीटिंग हॉलच्या कपाटातली कसर

कसर माझ्या स्वेटरमधून आली म्हणे! चारचौघांत मॅनेजर साहेब म्हणाले, "मावशी, तो स्वेटर उद्यापासून बिल्डिंगमध्ये आणायचा नाही." साहेब पन्नाशीचे, मी सेहेचाळीसची... आणि मावशी मी. नाशिकच्या थंडीत सकाळी सातला फरशी पुसायची, अंगात स्वेटर नाही.

सातपूरच्या एका ऑफिसात मी साफसफाई करते. तिथल्या गालिच्याला कसर, म्हणजे लोकर-रेशीम खाणारी कीड लागलीय, भोकं पडलीत. पेस्ट कंट्रोलवाल्यांनी खोल्याखोल्यांत चिकट कागद ठेवलेत. दर सोमवारी कुठल्या कागदाला किती किडे चिकटले ते मोजून लिहायचं, हे काम माझं. शाळा चौथीपर्यंत झाली, पण मोजता येतं मला.

त्या दिवसापासून बायका माझ्याजवळ डबा खात नाहीत. सुनंदा माझी नऊ वर्षांची मैत्रीण... तिनं पर्स उचलून लांबच्या खुर्चीवर ठेवली. "राग नको मानू गं, घरी लेकीच्या लग्नाच्या पैठण्या आहेत." मी आता जिन्यात बसून खाते. घरीही एकटीच. कधी कधी दिवस संपतो आणि लक्षात येतं, आज आपण कोणाशी बोललोच नाही...

मग मी एक चिकट कागद घरी नेला. स्वेटरशेजारी ठेवला, कपाट लावून घेतलं. आठ दिवसांनी उघडताना भीती वाटली, खोटं कशाला बोलू. साहेबांचं खरं निघालं असतं तर?

एक मुंगी. बाकी काही नाही.

इकडे ऑफिसात स्वेटर नसूनही मीटिंग हॉलमधला कागद भरलेला... तोही एकाच कपाटाखालचा. त्यात साहेबांच्या सत्काराच्या शाली आहेत. कार्यक्रम झाला की शाल पिशवीसकट आत जाते, वर कुलूप. किल्ली साहेबांकडे. एवढ्या वर्षांत एकही शाल कोणी झटकलेली मी पाहिली नाही.

सोमवारी तक्ता दाखवला. साहेब म्हणाले, "तो कागद तिथून उचला, दुसरीकडे ठेवा." नाही उचलला मी.

ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं तर कोणीतरी पुसून टाकेल, म्हणून इथे, नाशिककरांच्या ग्रुपवर लिहिते. साहेब इथे सगळं वाचतात, मला माहितीय.

तर साहेब, ते कपाट सगळ्यांसमोर उघडा. आत कसर नसेल तर मी हात जोडून माफी मागीन. असेल तर सुनंदाला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं, मी नाही सांगणार. कधी उघडताय? शुक्रवारपर्यंत उत्तर पाहिजे.