खिडकीखालची दहा फूट माती

मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत आवारभर पेव्हर ब्लॉक बसले, तेव्हा तळमजल्यावर बाबांच्या खिडकीखालची दहा फूट माती तेवढी उरली. यंदा एप्रिलमध्ये सेक्रेटरींनी तिथेही काँक्रीट टाकून वर प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरायचं काढलं. बाबांना हृदयाचा त्रास. एसी त्यांना सोसत नाही, सगळी भिस्त त्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर.

गवताचा नमुना बघायला सेक्रेटरींनी सकाळी आठला बोलावलं. हात लावला तर गार होता. पण बोटं ओली झाली.

"दव असेल," ते म्हणाले.

"एप्रिलमध्ये?"

"अहो, तुम्ही तीर्थसुद्धा वास घेऊन पिणार."

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात देखभाल बघतो. मोटार किती तापली ते लांबून मोजायची बंदूक तिथे असते. परवानगी काढून ती घरी आणली आणि तीन रविवार दुपारी दोनला मोजलं. सरासरी अशी निघाली : तिथेच पसरून ठेवलेला गवताचा नमुना ६४ अंश, पेव्हर ५४, माती ३६. सभेसाठी कागद तयार केला, पण मातीचा आकडा खटकत राहिला. भर उन्हात ३६ कसे?

चौथ्या रविवारी दीडलाच बाहेर आलो. बाबा खिडकीच्या गजांतून तांब्याने मातीवर पाणी ओतत होते.

"बाबा, हे काय?"

"तू मोजणार ना आता? म्हटलं, हातभार लावावा."

"सेक्रेटरी गवत भिजवतात आणि तुम्ही माती."

"त्यांनी एकदाच भिजवलं," बाबा म्हणाले. "मी न चुकता."

न सांगता कागद पुढे केला असता तर माती वाचली असती. सभेत मी सांगून टाकलं. सेक्रेटरी म्हणाले, "आणि संशय माझ्यावर होता." आठवडाभर पाणी घालायचं नाही आणि पुढच्या रविवारी बंदूक त्यांनी धरायची, असं ठरलं.

कोरड्या मातीचा आकडा आला ५२. पेव्हर ५४, गवत ६५.

"गवत रद्द, पोरांचे पाय भाजतील," ते म्हणाले. "पण तिथे पेव्हर घालू. दोन अंशांचा तर फरक."

"संध्याकाळी साडेसातला परत मोजा," मी म्हटलं. "बाबांना त्रास होतो तो तेव्हा."

साडेसातला पेव्हर ३९ दाखवत होता, माती ३३. त्यांचा विश्वास बसेना. बंदूक आधी स्वतःच्या तळहातावर धरली, मग परत मातीवर. आकडा तोच. बाबा खिडकीतून बघत होते.

"राहू दे माती," सेक्रेटरी म्हणाले. मग खिडकीकडे वळून, "आजोबा, पाणी ओतायचं तर रोज ओता. नुसतं रविवारी नको."