पाचव्या चाकावरचे घर

नव्या ट्रेलरचे दार उघडताच आतून जो गंध येतो तो नेमका कशाचा, हे मला अजून नीट सांगता आलेले नाही. ओल्या सरसाचा, कोऱ्या रेक्झिनचा, नुकत्याच कापलेल्या प्लायवुडचा आणि या सर्वांवर शिंपडलेल्या कसल्याशा कृत्रिम लिंबाचा तो संमिश्र दर्प नाकात शिरतो, आणि क्षणभर वाटते की आपण घरात नव्हे, अद्याप सही न झालेल्या एखाद्या करारनाम्यात पाऊल टाकत आहोत. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने असल्या गंधाने हुरळून जावे काय? जाऊ नये. पण मी गेलो, हे मान्य केले पाहिजे!

कॅनडातल्या कोक्विटलाममध्ये ज्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही उभयता एकोणीस वर्षे भाड्याने राहिलो, ते मालकाला त्याच्या मुलीसाठी हवे झाले आणि ऑक्टोबरअखेर जागा सोडण्याची नोटीस आली. मी चष्मा पुसला, लाल पेन घेतले आणि टेबलाशी बसलो. नागपुरात एका वकिलाच्या कार्यालयात दस्त तपासण्यात माझे तारुण्य गेले. इथे गोदामातल्या मालाची कागदपत्रे तपासण्यात उरलेले गेले. नगरपालिका, वीज कंपनी, बससेवा यांना मी आजवर जी पत्रे लिहिली त्यांत तक्रारीला जागा मिळाली नाही असा प्रसंग विरळा. तारीख पाहिली, मुदत मोजली, नमुना पडताळला, सही न्याहाळली. नोटीस संपूर्ण निर्दोष होती! आपल्याला घराबाहेर काढणाऱ्याने निदान एखादे कलम तरी मोडावे, एवढीही अपेक्षा माणसाने ठेवू नये? त्या संध्याकाळी माझ्या संतापाला जाण्यासाठी पत्ताच उरला नाही, आणि पत्ता नसलेला संताप किती केविलवाणा असतो, ते मला प्रथमच कळले.

देशाच्या पार पूर्वेकडच्या केंब्रिजहून मुलाचा फोन आला. मोटारींच्या कारखान्यात तो इंजिनिअर आहे. “बाबा, आमचं बेसमेंट रिकामंच आहे. सरळ मूव्ह करा. हीटिंग, वॉशरूम, सगळं सेपरेट आहे,” तो म्हणाला. त्याच्या मायेविषयी मला शंका नाही. पण एका बेसमेंटमधून दुसऱ्या बेसमेंटमध्ये, तेही मुलाच्या पायाखाली राहायला, माझी पत्नी नलिनी तयार नव्हती. तिची नदीकाठची पायवाट इथे, बुधवारच्या मैत्रिणी इथे, वाचनालयातली खिडकीजवळची खुर्ची इथे. आमच्या शिलकीत या परिसरात एक खोलीही येत नव्हती. एक ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, मात्र येत होता, आणि तोही एकदाच. निवड चुकली तर केंब्रिज, हे दोघांनाही ठाऊक होते. नलिनीने एकच अट घातली. “तुम्ही हवे तेवढे शोधा. पण मला ते घर वाटल्याशिवाय सही करायची नाही. अहो, नियमात बसतंय म्हणून मी कुठंही राहणार नाही.”

आणि मग, मित्रा, या वयात मी विद्यार्थी झालो! ज्याला इथे फिफ्थ-व्हील म्हणतात त्या ट्रेलरचे पाचवे चाक मी आधी शोधत होतो. खाली वाकलो, मागे गेलो, चार चाके मोजली; पाचवे कुठेच नव्हते. पुढे कळले की जुन्या घोडागाड्यांच्या पुढच्या आसावर एक आडवे चाक असे, त्यामुळे गाडी वळे. ते चाक काळाच्या उदरात गडप झाले, नाव तेवढे मागे उरले. आता त्या जागी पिकअपच्या हौद्यात बसवलेली एक लोखंडी बैठक असते आणि ट्रेलरचा उंच पुढचा भाग तिच्यावर रेलतो. त्या उंच भागात शयनगृह. म्हणजे ज्या सांध्यावर साऱ्या घराची ओढ यायची, त्याच्याच वर माणसाने निवांत झोपायचे! ही कल्पना ज्याला प्रथम सुचली तो यंत्रज्ञ असेल की विवाहित मनुष्य, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

आमच्याजवळ पिकअप नव्हते, आणि ते नसणेच आमच्या पथ्यावर पडले. आम्हाला हिंडायचे नव्हते. बारमाही राहू देणाऱ्या एका ट्रेलर पार्कमध्ये वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली जागा मिळत होती; ट्रेलर तिथवर ओढून नेणारी माणसे भाड्याने मिळत होती. तेव्हा माझे प्रश्न प्रवाशाचे नव्हते, रहिवाशाचे होते. भिंतींत थंडी अडेल एवढे काही भरले आहे काय? पाण्याच्या टाक्यांना खालून ऊब मिळते काय? काचा दुहेरी आहेत काय? कळ दाबताच बाहेर सरकणारी आणि बैठकीची खोली रुंद करणारी ती भिंत पुन्हा आत येताना कडेने पाऊस आणते काय? मी बत्तीस प्रश्नांची यादी केली, तिच्या प्रती काढल्या आणि प्रत्येक विक्रेत्याच्या हाती एक एक दिली. बहुतेकांनी ती घडी करून खिशात घातली. ते खिसे आजही भरलेले असतील!

त्यातच एका नव्या ट्रेलरच्या माहितीपुस्तकात मला ते कलम सापडले. हे वाहन कायमच्या निवासासाठी नाही. तसा वापर केल्यास वॉरंटी रद्द. मी ते तीनदा वाचले. चार शेगड्या, स्नानगृह, कपाटे, दोघांचा पलंग, भिंतीत खोट्या ज्वाळांची शेकोटीसुद्धा, आणि तरी हे घर नव्हे? मग घर म्हणजे काय? मी उत्पादकाला चार पानी पत्र लिहिले, निवास या शब्दाची व्याख्या मागितली, आणि उत्तर आले नाही तर पुढील उपाय योजण्याचा अधिकार राखून ठेवला. उत्तर आले. दोन ओळींचे आभार आणि सोबत रंगीत माहितीपत्रक. त्यात एक वृद्ध दांपत्य त्याच ट्रेलरच्या दारात चहा पीत, मोठ्या कायमस्वरूपी मुद्रेने हसत होते.

विक्रेत्यांपैकी एकाने, “वॉरंटीसाठी अप्लाय करताना फक्त हॉलिडे यूज लिहा,” असा सल्ला दिला. मी लिहिणार नव्हतो. आयुष्यभर इतरांच्या कागदांतली असत्ये लाल पेनने टिपली. आता स्वतःच्या छपरासाठी एक लिहू? नवे ट्रेलर मी त्याच दिवशी यादीतून वगळले. वॉरंटीची मुदत संपलेल्या जुन्या ट्रेलरला मोडण्यासाठी अटच उरलेली नसते, हे ध्यानी येताच मला जो आनंद झाला तो मी नलिनीला समजावून सांगितला. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतला.

सप्टेंबरच्या मध्यावर आम्हाला हवा तसा ट्रेलर सापडला, असे निदान मला वाटले. मोजकी वर्षे वापरलेला, जाड भिंतींचा, आतून शुभ्र. विक्रेते गुरमीतसिंग पन्नाशीचे, दिलदार गृहस्थ. आम्ही पायरीवर पादत्राणे काढू लागलो तेव्हा त्यांनी हात जोडले. “अंकलजी, जूते पहने रखिए, कोई नहीं उतारता यहाँ.” पण ज्यात चूल आहे त्यात जोड्यांसह शिरायचे, हे आम्हा दोघांनाही साधत नाही, आजवर पाहिलेल्या प्रत्येक ट्रेलरमध्ये आम्ही मोज्यांनीच हिंडलो होतो. मी कपाटाच्या दारावरची वजनमर्यादेची पट्टी वाचू लागलो. कागद चोख, तपासणीचा अहवाल चोख, बत्तिसांपैकी तीस उत्तरे अनुकूल. माझा हात पिशवीतल्या चेकबुकाकडे गेला.

“अहो, इथं जमीन दबते,” स्नानगृहाच्या दाराशी उभी राहून नलिनी म्हणाली.

“अहवालात तसा उल्लेख नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी उच्चारले याची मला आजही लाज वाटते.

“अहवाल बूट घालून लिहिलाय. तुम्ही या इकडे.”

मी गेलो आणि टाच टेकली. वरचे आच्छादन गुळगुळीत, चकचकीत. त्याखाली भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे काहीतरी हळूच खचले. गुरमीतसिंग त्यांच्या जाड तळव्यांच्या बुटांनी धपधप चालून आले. “आंटीजी, ट्रेलर है, थोड़ा स्प्रिंग तो होगा ही!”

“भैया, एक बार जूते उतार के चलो ना,” नलिनी म्हणाली.

ते हसले, मग संकोचले, मग त्यांनी खरोखरच बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. “घरवाली देख लेगी तो मार खाऊँगा,” म्हणत ते त्या जागेवर आले, दोनदा मागेपुढे झाले आणि उकिडवे बसून ती जागा हाताने दाबून पाहू लागले. भिंतीआड पाणी मुरत होते, कोण जाणे केव्हापासून. ते कोणत्याही कागदावर नव्हते, पण तळपायांना मात्र कळत होते. चेकबुक पिशवीतच राहिले. गुरमीतसिंगांनी हिशेबी शब्द बोलायला हरकत नव्हती; त्यांचा तो व्यवसायच. ते एवढेच म्हणाले, “आप ये मत लो. मेरी माँ होती तो उनको भी नहीं देता.”

मित्रा, ज्याच्यावर रागवावे असा मनुष्य समोर असावा आणि त्यानेच आपल्याला वाचवावे, यापरते अवघड काय आहे? त्या रात्री मी गुरमीतसिंगांच्या मालकाला पत्र लिहिले. माझ्या आयुष्यातले ते पहिले प्रशस्तिपत्र. दोन ओळींतच माझे शब्द संपले.

आठवड्याने त्यांचाच फोन आला. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात एका निवृत्त वायरमनचा जुना ट्रेलर आला होता. तपकिरी पडदे, फिकट कपाटे, शेकोटी नाही, गंध नाही. फॅशनबाहेर गेल्यामुळे त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. पाऊस भुरभुरत होता. गुरमीतसिंगांनी न सांगता बूट काढले. नलिनी मोज्यांनी एकेक फळी चाचपत शेवटपर्यंत गेली, स्नानगृहाशी थबकली, शयनगृहाच्या पायऱ्या चढून उतरली. जमीन कुठेच हलली नाही. मी दारातच उभा राहून माझी यादी उघडली. काचा एकेरी होत्या. चौदाव्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल, एकविसाव्याचे संदिग्ध. मी ते क्रमवार वाचू लागलो. काचांवर प्लास्टिक ताणता येईल, एकविसावे लेखी मागवता येईल, असे म्हणत मी मुद्द्यामागून मुद्दा मांडत होतो आणि ती ऐकते आहे की नाही ते मला कळत नव्हते. ती खिडकीशी बसली होती. बाहेर ओले देवदार होते आणि त्यांच्यापलीकडे काहीच नव्हते.

मी अठ्ठाविसाव्यावर आलो होतो.

“अहो,” माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, “आधी ते दार लावून घ्या. पाऊस आत येतोय.”

उघडे दार, आत येणारे पाणी, कपाळावर नेहमीची ती आठी: एकोणीस वर्षे ज्या स्वरात मी हे वाक्य ऐकत आलो, त्याच स्वरात ते होते. त्या स्वराने माणूस केवळ स्वतःच्या घराविषयी बोलतो. निवासाची जी व्याख्या मी चार पाने खर्चून परक्यांकडे मागितली होती, तिच्यासाठी याहून अधिक शब्द लागत नव्हते.

उरलेले चार प्रश्न मी विचारले नाहीत. मी दार लावून घेतले.